चाकोरीबाहेरचं कॉलेज कसं शोधायचं? ठाणे-नवी मुंबईच्या मुलांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी

कळव्याची एक मुलगी अकरावीला माझ्या वर्गात होती. रविवारी पहाटे उठून ती ऐरोलीच्या खाडीवर जायची आणि रोहित पक्षी मोजायची. वहीत तारीख, भरती-ओहोटीची वेळ, पक्ष्यांचा अंदाजे आकडा, आणि समासात तिचे प्रश्न: 'आज सगळे पुलाच्या त्या बाजूला का?' जीवशास्त्राच्या परीक्षेत तिला बेताचे मार्क मिळायचे, कारण 'थोडक्यात उत्तरे द्या' म्हटलं की ती थोडक्यात द्यायची नाही. घरचा बेत ठरलेला होता. नीटची परीक्षा जमली तर ठीक, नाहीतर बी. फार्म. ती वही घरात कोणी उघडून पाहिली नव्हती.

ठाण्यातल्या ज्युनिअर कॉलेजात मी बरीच वर्षं जीवशास्त्र शिकवलं. आता निवृत्त आहे, पण अशी मुलं आणि त्यांचे आई-बाबा अजून घरी येतात. मुलगा हुशार आहे, पण 'ऐकत नाही'. मुलगी वाचते खूप, पण 'अभ्यासाचं नाही'. या मुलांना साजेशी कॉलेजं आपल्या देशात आहेत, काही तर लोकलच्या अंतरावर. ती शोधायची कशी, हे मी त्यांना जसं समोर बसवून सांगते तसंच इथे लिहिते आहे.

आधी मुलाकडे बघा, कॉलेजच्या यादीकडे नंतर

'स्वतंत्र विचाराचा' हा शब्द आपण फार ढोबळपणे वापरतो. माझ्या अनुभवात या मुलांचे निदान चार प्रकार दिसतात, आणि एकाला मानवणारं कॉलेज दुसऱ्याला अजिबात मानवत नाही.

काही मुलं एकाच विषयात बुडालेली असतात. गणित म्हणजे गणित. त्यांना बाकीचं जग थोडा वेळ बंद हवं असतं. काहींना उलट कुठलंच दार बंद झालेलं सोसत नाही: इतिहासही हवा, संगणकही हवा, वर नाटकही. तिसरी मुलं हातांनी विचार करतात. मिक्सर उघडल्याशिवाय त्यांना मोटर कळत नाही, आणि उघडल्यावर पुस्तक लागत नाही. चौथ्यांना वेळापत्रकच नको असतं, काय शिकायचं आणि कधी हे त्यांना स्वतः ठरवायचं असतं. हे चौथे संख्येने कमी, पण सगळ्यात जास्त बोलणी तेच खातात.

ओळखायचं कसं? दोन आठवडे एक वही ठेवा. मुलाने कोणी न सांगता काय केलं, किती वेळ केलं आणि कंटाळा कधी आला, एवढंच लिहायचं. वही मुलानेच लिहिली तर उत्तम. मोबाइल बघितला तर तेही लिहायचं, पण काय बघितलं ते नेमकं. तीन तास रील आणि तीन तास कोणीतरी लाकडाची खुर्ची बनवतंय ते, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

ही पायरी गाळू नका, असं मी इतक्या आग्रहाने सांगते त्याला कारण आहे. वर्तकनगरच्या एका वडिलांनी 'लिबरल आर्ट्स' (एका विषयाऐवजी अनेक विषय एकत्र शिकायचे) या शब्दावर भाळून मुलाला एका महागड्या खासगी विद्यापीठात घातलं. मुलगा पहिल्या प्रकारचा. त्याला फक्त गणित करायचं होतं, आणि तिथे पहिल्या वर्षी त्याच्या वाट्याला लेखन, समाजशास्त्र, पर्यावरण असे पाच वेगवेगळे विषय आले. कॉलेज वाईट नव्हतं. ते दुसऱ्या कुणाच्या तरी मुलासाठी चांगलं होतं. वर्षभराने तो परत आला, आणि त्या वर्षाची फी फेडायला घरच्यांना पुढची तीन वर्षं लागली.

मग कोणत्या मुलाला कुठे?

एकाच विषयात बुडणाऱ्यांपासून सुरुवात करते, कारण त्यांच्यासाठी देशात अतिशय उत्तम जागा आहेत आणि त्यांची नावं आपल्याकडच्या क्लासांच्या फलकांवर क्वचितच दिसतात. चेन्नईजवळ सिरुसेरीला चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट आहे, १९८९ साली सुरू झालेली. गणित आणि संगणकशास्त्राची तिथली बी.एस्सी. ऑनर्स ही माझ्या मते गणितवेड्या मुलासाठी देशातल्या पहिल्या दोन-तीन जागांपैकी एक. प्रवेश त्यांच्या स्वतःच्या परीक्षेतून होतो. तिच्यात पर्यायी प्रश्नांबरोबर सविस्तर सिद्धता लिहायचे प्रश्नही असतात. जुन्या प्रश्नपत्रिका त्यांच्या संकेतस्थळावर आहेत. त्यातली एक आणून मुलासमोर ठेवा. तो जेवायला उठला नाही, तर समजा जागा सापडली.

दुसरी इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३१ मध्ये कोलकात्यात स्थापन केलेली. बी.स्टॅट. कोलकात्याला, बी.मॅथ. बंगळुरूला. या दोन अभ्यासक्रमांना शिकवणी फी नाही, उलट चांगली कामगिरी करणाऱ्या विद्यार्थ्याला दरमहा विद्यावेतन मिळतं. सरकारी कारकुनाच्या घरातल्या एका बाईंना हे सांगितलं तेव्हा त्यांनी मला तीनदा विचारलं, 'मॅडम, नक्की ना?' नक्की.

विज्ञानवेड्यांसाठी आयसर, म्हणजे भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था. पुण्याची आणि कोलकात्याची २००६ साली सुरू झाली, आज देशात सात आहेत. पाच वर्षांचा बी.एस.-एम.एस., प्रवेश आयसरच्या स्वतःच्या अभियोग्यता चाचणीतून. एक इशारा मात्र देते. पुण्याच्या पाषाणमधल्या आयसरमध्ये सुरुवातीच्या काळात भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि गणित चारही विषय करावे लागतात. ज्या मुलीने गणित कायमचं सोडायचं म्हणून जीवशास्त्र घेतलं, तिने हे आधी वाचलेलं बरं.

आणि एक जागा तर इतकी जवळ आहे की ती माहीत नसल्याचं मला दरवेळी वाईट वाटतं. मुंबई विद्यापीठाच्या कलिना संकुलात सेंटर फॉर एक्सलन्स इन बेसिक सायन्सेस हे केंद्र आहे. विद्यापीठ आणि अणुऊर्जा विभाग यांनी मिळून २००७ मध्ये ते सुरू केलं. पाच वर्षांची एकात्मिक एम.एस्सी., छोटे वर्ग, शिकवायला टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) आणि बीएआरसीचे (भाभा अणुसंशोधन केंद्राचे) शास्त्रज्ञ. प्रवेश 'नेस्ट' या परीक्षेतून, जी भुवनेश्वरच्या नायसर या राष्ट्रीय विज्ञान संस्थेसाठीही असते. ठाण्याहून कुर्ला आणि पुढे बस, एवढंच अंतर.

आता अनेक दारं उघडी हवी असणारी मुलं. त्यांच्यासाठी गेल्या दोन दशकांत बऱ्याच संस्था आल्या. पुण्याजवळ लवळ्याला फ्लेम, विमाननगरला सिम्बायोसिसची लिबरल आर्ट्सची शाखा, हरियाणात सोनिपतला २०१४ पासून अशोका, आंध्रात श्रीसिटीला क्रिया, बंगळुरू आणि भोपाळला अझीम प्रेमजी विद्यापीठ. सगळ्या एकाच माळेचे मणी नाहीत. अशोका आणि क्रियाचा प्रवेश निबंध, चाचणी आणि मुलाखत यांवर चालतो, वातावरण इंग्रजी आणि शहरी. अझीम प्रेमजी विद्यापीठात समाजाशी जोडलेल्या कामावर भर आहे आणि कुटुंबाच्या उत्पन्नाप्रमाणे फीमध्ये आणि राहण्या-जेवण्यात मदत मिळते. मध्यमवर्गीय मराठी घरातून आलेल्या मुलाला मी आधी तिथलीच माहिती वाचायला सांगते.

हातांनी विचार करणाऱ्यांपैकी ज्यांचे हात चित्राकडे, वस्तूंकडे, कापडाकडे जातात त्यांच्यासाठी वाटा ठरलेल्या आहेत. सीएसएमटीजवळची १८५७ सालची जे. जे. स्कूल ऑफ आर्ट, अहमदाबादची एनआयडी (राष्ट्रीय डिझाइन संस्था), पवईच्या आयआयटीतलं आयडीसी हे डिझाइनचं केंद्र, आणि आपल्या खारघरमधलं फॅशनचं निफ्ट. एनआयडी आणि निफ्टच्या परीक्षेत नुसतं चित्र छान असून चालत नाही, दिलेल्या साहित्यातून वस्तू करून दाखवण्याचाही टप्पा असतो.

पण ज्याचे हात वेल्डिंगकडे, मातीकडे, पंपाकडे जातात त्याचं काय? कोपरखैरणेचा एक मुलगा आठवतो. वडील वाशीच्या मार्केटात माथाडी. चाळीतले सगळे पंखे आणि मिक्सर हाच दुरुस्त करायचा, बारावीला गणितात नापास. त्याला मी पाबळचा विज्ञान आश्रम सांगितला. शिरूर तालुक्यातली ही संस्था डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये सुरू केली. तिथे एक वर्षाचा निवासी पदविका अभ्यासक्रम आहे: वर्कशॉप आणि बांधकाम, ऊर्जा आणि पर्यावरण, शेती-पशुपालन, गृह-आरोग्य. मुलं काम करत करत त्यामागचं विज्ञान शिकतात. फॅब लॅब, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांनी वस्तू घडवायची छोटी कार्यशाळा, ही कल्पना अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाबाहेर सर्वांत आधी जिथे उतरली त्यांत हे गाव आहे, २००२ साली. वडील म्हणाले, 'खेड्यातून पोरं मुंबईला येतात आणि तुम्ही माझ्या पोराला खेड्यात धाडताय.' मी म्हटलं, 'दोन दिवस जाऊन राहून या, मग मला बोला.' ते गेले. शेडमध्ये मुलांनी स्वतः जोडलेली फ्रेम हाताने हलवून बघितली आणि जोड पक्का आहे म्हणाले. मुलगा जूनमध्ये पाबळला राहायला गेला.

चौथ्या प्रकारच्या मुलांसाठी उदयपूरला २०१० मध्ये स्वराज युनिव्हर्सिटी हा प्रयोग सुरू झाला. तिथे शिकणाऱ्याला 'खोजी' म्हणतात, परीक्षा नाही आणि पदवीही नाही. पदवी नाही हे वाक्य घरात सगळ्यांनी दोनदा वाचायचं. मला हा प्रयोग मनापासून मोलाचा वाटतो, पण सतरा वर्षांच्या मुलाला मी त्याबरोबर मुक्त विद्यापीठाची पदवी चालू ठेवायला सांगते. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ (१९८९) किंवा इग्नू (१९८५), दोन्ही मान्यताप्राप्त आहेत. पुढे मत बदललं आणि एमपीएससी द्यावीशी वाटली, तर हातात पदवी असेल.

दहावीतच मूल असं दिसत असेल तर एक वाट लवकर घ्यावी लागते. मुळशीजवळ यूडब्ल्यूसी महिंद्रा कॉलेज आहे, १९९७ पासून. अकरावी-बारावीच्या ऐवजी दोन वर्षांचा आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) डिप्लोमा, जगभरातली मुलं, गरजेनुसार शिष्यवृत्ती. अर्ज आदल्या वर्षीच करायचा असतो.

परदेशाबद्दल थोडक्यात. तिथे फार वेगळी कॉलेजं आहेत: कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातलं डीप स्प्रिंग्ज, १९१७ पासूनचं, जिथे जेमतेम पंचवीस-तीस मुलं शिकतात, गुरं राखतात, स्वयंपाक करतात आणि कॉलेजच्या कारभारातही भाग घेतात, फी नाही. किंवा अमेरिकेच्याच मेन राज्यातलं कॉलेज ऑफ द अटलांटिक, जिथे सगळ्यांची पदवी एकाच विषयातली, मानवी परिसरशास्त्र. पण व्हिसा, विमान, विमा हे सगळं धरून खर्च मांडल्याशिवाय मुलाला स्वप्न दाखवू नका.

कॉलेजची कागदपत्रं वाचायला शिका

माहितीपत्रकात हिरवळीवर हसणारी मुलं सगळीकडेच असतात. ते बाजूला ठेवा आणि चार कागद मिळवा.

पहिला कागद पहिल्या वर्षाचं वेळापत्रक. सकाळी आठ ते दुपारी चार रोज व्याख्यानं असतील, तर 'स्वतंत्र अध्ययन' हा शब्द पत्रकात कितीही वेळा असू दे, मुलाकडे स्वतःचा वेळ नाही. दुसरा, मागच्या दोन वर्षांच्या प्रश्नपत्रिका. 'व्याख्या लिहा', 'फरक स्पष्ट करा' असेच प्रश्न दिसले तर तिथे आपली बारावीच पुढे चालू आहे. तिसरा, विषय बदलण्याचे नियम. किती क्रेडिट (अभ्यासक्रम पुरा केल्यावर मिळणारे गुणांक) मुख्य विषयाचे, किती आवडीचे, मुख्य विषय कधी ठरवायचा, आणि ठरवल्यावर बदलता येतो का.

चौथा कागद फार कमी पालक बघतात. कॉलेजांचा दर्जा तपासणाऱ्या नॅक या सरकारी संस्थेचं मूल्यांकन घेणारी संस्था एक स्वयंअध्ययन अहवाल सादर करते, त्याला एसएसआर म्हणतात. तो संस्थेच्या संकेतस्थळावर असतो. शंभर पानं वाचू नका. कायम शिक्षक किती आणि तात्पुरते किती, ग्रंथालयावर वर्षाला किती खर्च, विद्यार्थ्यांच्या समाधानाच्या पाहणीत काय आलं, एवढं बघा. अर्धे शिक्षक दरवर्षी बदलत असतील तर मुलाच्या प्रश्नांना उत्तर द्यायला दुसऱ्या वर्षी कोण असणार?

जाऊन बघा, आणि मुलांशी बोला

पुण्याच्या संस्था एका दिवसात बघून होतात. ठाण्याहून सकाळची इंद्रायणी पकडा, संध्याकाळी परत. प्रवेश कार्यालयातलं बोलणं उरकून कँटीनमध्ये बसा. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या दोन-तीन मुलांना चहा पाजा आणि हे विचारा: मागच्या महिन्यात शिक्षकांशी तुमचं मत कधी जुळलं नाही? पुढे काय झालं? वर्गात न शिकवलेलं असं काय शिकलात? कोण सोडून गेलं, आणि का?

शेवटचा प्रश्न सगळ्यात कामाचा. सोडून गेलेल्यांबद्दल मुलं खरं बोलतात.

हे प्रश्न आई-बाबांनी विचारायचे नाहीत. तुम्ही दुसऱ्या टेबलावर बसा. आपण समोर असलो की ती मुलं आपल्याला 'काका-काकू' म्हणून गोड बोलतात, आणि आपल्या मुलाला हवं ते कळत नाही. फार लांबच्या संस्थेसाठी त्यांच्या विद्यार्थी मंडळाला ईमेल करा, व्हिडिओ कॉलवर अर्धा तास मागा. ज्या संस्थेला आपली मुलं पुढे करायला संकोच वाटतो, तिथे मी पुढे जात नाही.

मान्यता: इथे भावना बाजूला

चाकोरीबाहेरचं म्हणजे कायद्याबाहेरचं नव्हे. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) संकेतस्थळावर केंद्रीय, राज्य, खासगी आणि अभिमत विद्यापीठांच्या वेगवेगळ्या याद्या आहेत, आणि बोगस विद्यापीठांचीही यादी आहे. ज्या संस्थेची पदवी मिळणार तिचं नेमकं नाव त्या याद्यांत शोधा. 'अमुक विद्यापीठाशी संलग्न' असं लिहिलं असेल तर त्या विद्यापीठाच्या यादीत ते कॉलेज आहे का तेही बघा. दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी असेल तर यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाची त्या वर्षाची परवानगी वेगळी तपासायची. वास्तुकलेला आणि कायद्याला आपापल्या परिषदेची मान्यता लागते.

माझ्या एका विद्यार्थिनीने डिझाइनच्या एका खासगी संस्थेत प्रवेश घेतला. 'परदेशी पदवी' मिळेल असं तोंडी सांगितलं होतं. दोन वर्षांनी कळलं की मिळणारा कागद म्हणजे संस्थेचंच प्रमाणपत्र. सोडायचं म्हटलं तर तिचा दहावी-बारावीचा मूळ दाखला संस्थेने अडवून ठेवला. तेव्हा ना तिला नियम माहीत होता, ना मला. आज माहीत आहे, म्हणून लिहिते: यूजीसीच्या नियमांप्रमाणे उच्च शिक्षण संस्थेला विद्यार्थ्याची मूळ कागदपत्रं ठेवून घेता येत नाहीत. तपासायची आणि तिथल्या तिथे परत द्यायची. फी परताव्यासाठीही यूजीसी मुदती ठरवून देते. त्या वर्षाचं परिपत्रक छापून घ्या आणि फी भरतानाच फाइलमध्ये लावा. आणि तोंडी दिलेलं प्रत्येक वचन ईमेलवर मागा.

पैसे

चार वर्षांचा एकूण आकडा काढल्याशिवाय अर्ज करू नका. फी, हॉस्टेल, मेस, अनामत, वर्षातून दोनदा घरी यायचं भाडं, लॅपटॉप, आणि दरवर्षी वाढणारी फी. मग तीन चौकशा करा. संस्थेची स्वतःची मदत गुणांवर आहे की गरजेवर? पहिल्या वर्षी मिळाली तर पुढे टिकायला काय अट? आणि महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावरच्या शिष्यवृत्त्या त्या संस्थेला लागू आहेत का? सगळ्या खासगी विद्यापीठांना त्या लागू होत नाहीत, आणि हे प्रवेश झाल्यावर कळलेलं मी पाहिलं आहे.

उत्पन्नाचा दाखला कमी वाटेल म्हणून संकोच करू नका. गरजेवरची मदत मागणं हा अर्जाचाच एक भाग आहे.

दाखले आणि तारखा

हे कोरडं आहे, पण सर्वांत जास्त जागा इथेच हुकतात.

केंद्रीय संस्थांना, म्हणजे आयसर, एनआयडी, निफ्ट वगैरेंना, जातीचा आणि नॉन-क्रिमीलेअरचा दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो. राज्याच्या सीईटीसाठी काढलेला तिथे चालत नाही. ओबीसी असाल तर तुमची जात केंद्रीय यादीत आहे का हे आधी बघा, राज्याची यादी वेगळी आहे. मराठा समाजाची मुलं केंद्राच्या ओबीसी यादीत नाहीत, पण उत्पन्नाच्या आणि मालमत्तेच्या अटीत बसत असतील तर ईडब्ल्यूएसचा (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचा) केंद्रीय दाखला काढू शकतात. नॉन-क्रिमीलेअर आणि ईडब्ल्यूएसचे दाखले चालू आर्थिक वर्षातले लागतात, त्यामुळे एप्रिल उजाडला की लगेच अर्ज करा.

नवी मुंबईकरांचा एक हमखास गोंधळ: ऐरोली, वाशी, नेरूळ, बेलापूर हे ठाणे तालुक्यात येतात, म्हणून दाखला ठाणे तहसीलचा. खारघर, कामोठे, कळंबोली रायगड जिल्ह्यातल्या पनवेल तालुक्यात, म्हणून पनवेल तहसील. एका स्टेशनच्या फरकाने आठवडा वाया जातो.

तारखा दरवर्षी थोड्या हलतात, पण क्रम साधारण असा. बारावीच्या वर्षी ऑक्टोबरपासून खासगी लिबरल आर्ट्स विद्यापीठांचे अर्ज. डिसेंबर ते फेब्रुवारी डिझाइनच्या परीक्षा. मग आपली बोर्डाची परीक्षा. मे-जूनमध्ये सीयूईटी (केंद्रीय विद्यापीठांची सामाईक परीक्षा), सीएमआय (चेन्नई मॅथेमॅटिकल), आयएसआय (इंडियन स्टॅटिस्टिकल), आयसर, नेस्ट, सगळ्या एकमेकांच्या अंगावर. अकरावीच्या मे महिन्यात एक मोठा कागद भिंतीवर लावा आणि प्रत्येक परीक्षेचा अर्ज सुटण्याची आणि बंद होण्याची तारीख मुलाकडून लिहून घ्या. सहा-सात अर्ज पुरेत. पंधरा अर्ज करणारं मूल एकही निबंध मनापासून लिहीत नाही.

निबंध आणि मुलाखत

मराठी माध्यमाची मुलं इथे घाबरतात. निबंध आधी मराठीत लिहायचा, पूर्ण. मग इंग्रजीत आणायचा, साध्या वाक्यांत. जड शब्द शोधून घातलेला निबंध वाचणाऱ्याला लगेच ओळखू येतो, आणि दुसऱ्याकडून लिहून घेतलेला मुलाखतीत उघडा पडतो.

लिहायचं काय? तुम्ही स्वतः केलेलं एक काम, त्यात आलेली अडचण, आणि अजून न सुटलेला प्रश्न. कळव्याच्या त्या मुलीने आपल्या पक्ष्यांबद्दल लिहिलं. मुलाखतीत तिला विचारलं, आकडे चुकले असतील तर? ती म्हणाली, 'चुकलेच असणार. एकटी मोजत होते, आणि उडाले की परत मोजायला लागायचं. म्हणून मी प्रत्येक आकड्यापुढे किती खात्री आहे ते लिहिलंय.' आणि तिने वही पुढे केली. आज ती बंगळुरूला जीवशास्त्र शिकते आहे.

मुलाखतीची तयारी घरी करायची तर पाठ करून घेऊ नका. आजोबांना समोर बसवा आणि मुलाला आपलं काम त्यांना समजावून सांगायला लावा. आजोबांचे प्रश्न मुलाखतीइतकेच कठीण असतात.

घर सोडणं शक्य नसेल तर

घरात आजारपण असतं, पैसे नसतात, कधी मूलच तयार नसतं. अशा वेळी जवळचं चांगलं साधं कॉलेज घ्या आणि त्याच्याभोवती स्वतःचं कॉलेज उभं करा. हे मी दुय्यम म्हणून सांगत नाही. माझे काही उत्तम विद्यार्थी याच वाटेने गेले.

समजा ठाण्यात चेंदणीच्या बांदोडकर कॉलेजात बी.एस्सी.ला प्रवेश घेतला. जोडीला बीएनएचएसचा (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचा) पक्षीशास्त्राचा किंवा वनस्पतिशास्त्राचा अभ्यासक्रम. ती संस्था १८८३ पासूनची आहे आणि तिच्या क्षेत्रभेटींत जे शिकायला मिळतं ते चार भिंतींत मिळत नाही. मानखुर्दला, म्हणजे वाशीचा पूल ओलांडला की पहिलं स्टेशन, होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. तिथल्या व्याख्यानांवर लक्ष ठेवा. वाचायला ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, १८९३ सालचं.

कल संगणकाकडे असेल तर आयआयटी मद्रासचा डेटा सायन्सचा ऑनलाइन बी.एस. बघा. २०२१ मध्ये सुरू झाला. जेईई न देताही प्रवेश मिळतो: चार आठवड्यांचा अभ्यास करायचा, मग पात्रता परीक्षा. मधल्या टप्प्यावर थांबलात तरी प्रमाणपत्र किंवा पदविका मिळते, आणि उत्पन्नानुसार फीसवलत आहे. २०२२ पासून यूजीसीने एकाच वेळी दोन पदव्या करायला परवानगी दिली आहे, त्यामुळे इथलं बी.ए. आणि तिथलं बी.एस. एकत्र चालू शकतं. दोन्हींच्या परीक्षा एका आठवड्यात येणार नाहीत ना, तेवढं आधी ताडून बघा.

आणि पहिल्या वर्षी एका शिक्षकाला धरा. सगळ्या कॉलेजांत असा एक तरी असतो, ज्याच्या केबिनमध्ये पुस्तकांचे ढीग असतात आणि मुलं तास संपल्यावरही तिथे बसलेली दिसतात. त्यांना जाऊन सांगा, 'सर, मला हे करून बघायचंय.'

प्रवेश मिळाल्यावर

पहिले सहा आठवडे कठीण जातात. अशा कॉलेजांत कोणी 'हे पाठ कर' म्हणत नाही, आणि बारा वर्षं तेच ऐकलेल्या मुलाला हे मोकळेपण सुरुवातीला पोरकेपणासारखं वाटतं. रात्री फोन येईल, 'आई, मी चुकलो.' लगेच बॅग भरायला सांगू नका आणि लगेच धीराची भाषणंही देऊ नका. विचारा: आज वर्गात काय झालं? कोणाशी बोललास? कोणत्या विषयाचं वाचायचं राहिलंय? मित्र नसल्याचं दुःख आणि विषय चुकल्याचं दुःख फोनवर सारखंच ऐकू येतं. पहिलं बहुतेक वेळा दिवाळीपर्यंत मावळतं.

विषयच चुकला असेल तर मात्र लांबवू नका. मुलाला विभागातल्या सल्लागार शिक्षकांना भेटायला लावा, मुख्य विषय बदलण्याची शेवटची तारीख विचारा, आणि मिळवलेले क्रेडिट साठवून ठेवणाऱ्या अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स या सरकारी सोयीतल्या आपल्या खात्यात ते जमा होताहेत का ते बघायला सांगा, म्हणजे दुसरीकडे जाताना ते वर्ष उपयोगी पडू शकेल. फी परताव्याचं परिपत्रक फाइलमध्ये लावलेलं आहेच. त्यावरची शेवटची तारीख आज घरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवा.